एका डोसची गोष्ट : एचपीव्हीची लस किती वर्षं पुरते?



लसींवर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा तो एखादी आई विचारते. मुलगी अकरा-बारा वर्षांची झालेली असते, डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस सुचवलेली असते आणि आईच्या मनात हिशोब चालू असतो. "आत्ता बाराव्या वर्षी टोचून घेतली, तर ती तिशीपर्यंत पुरेल का? की लग्न होईपर्यंतच तिचा जोर ओसरेल?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर कुठल्याही प्रयोगशाळेत आठ-पंधरा दिवसांत काढता येत नाही. लस दहा वर्षं टिकते का, हे कळायला दहा वर्षं जावी लागतात. त्याला दुसरा रस्ता नाही. म्हणून आज आपण जो इतिहास बघणार आहोत तो शोधाचा जेवढा आहे तेवढाच वाट पाहण्याचा आहे. त्यात इटलीतलं एक शहर येईल, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळा येतील, कोस्टा रिकातला एक ग्रामीण प्रांत येईल, आणि आपल्या बार्शी-पुण्यासकट भारतातल्या हजारो मुली येतील. या मुलींवरची चाचणी २०१० साली सरकारी आदेशानं मधेच थांबली. आणि त्या अर्धवट थांबलेल्या चाचणीतूनच जगाला या प्रश्नाचं एक फार मोठं उत्तर मिळालं. ते कसं, हे आजच्या व्याख्यानाचं सूत्र.

आजाराची ओळख

खेड्यापाड्यांत या आजाराला 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात. नाव अगदी नेमकं आहे. गर्भपिशवी जिथे योनीमार्गात उघडते, त्या तोंडाशी तो होतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना तो होतो आणि जवळपास ८० हजार बायका त्यानं दगावतात. यातल्या बऱ्याच जणी चाळिशी-पन्नाशीतल्या, म्हणजे घर त्यांच्यावर उभं असतं अशा वयातल्या.

या आजाराचं मूळ कशात आहे, याचा पहिला सुगावा १८४२ साली लागला. रिगोनी-स्टर्न नावाच्या एका इटालियन डॉक्टरनं व्हेरोना शहरातल्या अनेक दशकांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. त्याला दिसलं, की गर्भाशयाच्या कॅन्सरनं मरणाऱ्यांत लग्न झालेल्या बायका आणि विधवा जास्त आहेत, मठातल्या जोगिणी मात्र फार थोड्या. म्हणजे या आजाराचा शरीरसंबंधांशी काहीतरी धागा असावा. तो धागा नेमका कोणता, हे कळायला पुढे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गेला.

जर्मनीतले हाराल्ड त्सुर हाउझेन १९७०च्या दशकात सांगू लागले की या कॅन्सरमागे मस किंवा चामखीळ उठवणाऱ्या विषाणूंच्या कुळातला कोणीतरी असणार. त्या काळी बहुतेक तज्ज्ञांचा संशय नागिणीसारखे फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूवर होता, त्यामुळे त्सुर हाउझेन यांचं म्हणणं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. पण १९८३ साली त्यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा, म्हणजे एचपीव्हीचा, १६ क्रमांकाचा प्रकार सापडला. पाठोपाठ १८ क्रमांकाचा सापडला. जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला हे दोनच प्रकार कारण असतात. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं.

आता कारण विषाणू आहे म्हटल्यावर पुढचा विचार लसीचा. पण इथे एक मोठी अडचण होती, आणि आजच्या प्रश्नाचं मूळ त्याच अडचणीत आहे.

लस चालेल असं का वाटत नव्हतं

गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही. देवी येऊन गेलेला माणूस पुन्हा देवीच्या तावडीत सापडत नसे. शरीर एकदा शिकतं आणि लक्षात ठेवतं. लस म्हणजे हाच धडा आजाराशिवाय शिकवायची युक्ती.

एचपीव्हीच्या बाबतीत मात्र शरीर नीट शिकतच नाही. हा विषाणू रक्तात उतरत नाही. तो त्वचेच्या आणि आतल्या ओलसर अस्तराच्या थरांतच राहतो. पेशी फोडून धुमाकूळ घालत नाही, जळजळ नाही, ताप नाही. रक्षकांना कळू न देता तो घरात राहतो म्हणा ना. त्यामुळे संसर्ग झालेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं दिसतच नाहीत, आणि ज्यांच्यात दिसतात त्यांच्यातही ती जेमतेम असतात. एकदा होऊन गेलेला प्रकार पुन्हाही होऊ शकतो.

मग शंका अशी होती: जे काम खुद्द विषाणूला जमत नाही, ते लसीला कसं जमणार? शिवाय दंडात टोचलेल्या सुईचं संरक्षण गर्भाशयमुखाच्या अस्तरापर्यंत पोहोचणार कसं? आणि पोहोचलं तरी टिकणार किती? या तिन्ही शंका जाणकारांच्या होत्या आणि त्या काळी त्यांना उत्तर नव्हतं.

गर नसलेलं सीताफळ

आणखी एक अडचण होती. मारलेला किंवा कमजोर केलेला विषाणू लसीत वापरायचा ही जुनी रीत. पण एचपीव्ही प्रयोगशाळेत भरपूर प्रमाणात वाढवता येत नव्हता. शिवाय त्याच्या पोटात कॅन्सरला चालना देणारी जनुकं असतात. धडधाकट मुलींना ती टोचायची, हा विचारच करवत नाही.

१९९१ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला इयान फ्रेझर आणि जियान झोऊ या दोघांनी एक वेगळी वाट दाखवली. विषाणूचं बाहेरचं कवच ज्या प्रथिनाचं बनतं त्याला एल-१ म्हणतात. हे प्रथिन पेशींकडून तयार करून घेतलं, तर त्याचे तुकडे आपणहून एकत्र येऊन कवच उभं करू शकतात. आत काहीच नाही. डोळ्यांसमोर सीताफळ आणा. बाहेरून तसेच उंचवटे, एकूण ७२. आत मात्र गर नाही आणि बीही नाही. बी नाही म्हणजे रुजण्याचा प्रश्नच मिटला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत डग्लस लोवी आणि जॉन शिलर याच कामात होते. त्यांनी आधी गुरांच्या पॅपिलोमा विषाणूचं कवच उत्तम बनवून दाखवलं. पण माणसाच्या १६ क्रमांकाचं कवच काही केल्या धड जमेना. शोध घेतल्यावर कारण मोठं गमतीचं निघालं. जगभरच्या प्रयोगशाळांत १६ क्रमांकाचा जो नमुना वापरात होता तो कॅन्सरच्या गाठीतून घेतलेला होता, आणि त्याच्या एल-१ प्रथिनात एका ठिकाणी बिघाड होता. कॅन्सर न झालेल्या जागेतून घेतलेला विषाणू वापरल्यावर कवचं भराभर बनू लागली. मूळ नमुनाच सदोष असेल तर कितीही घासून उपयोग नाही, हा प्रयोगशाळेतला जुना धडा इथे पुन्हा मिळाला.

अमेरिकेतल्याच रॉचेस्टर आणि जॉर्जटाउन इथल्या गटांनीही त्या वर्षांत मोलाची भर घातली. त्यामुळे या लसीचा एकच एक जनक सांगणं बरोबर होणार नाही. मात्र जियान झोऊ यांचं १९९९ साली, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी निधन झालं. लस बाजारात आलेली त्यांना बघता आली नाही.

आता मघाच्या शंकांकडे येऊ. कुत्र्यांच्या तोंडात मस आणणारा एक पॅपिलोमा विषाणू आहे. त्याच्या पोकळ कवचांची लस दिलेली कुत्री सुरक्षित राहिली. एवढंच झालं असतं तर नवल नव्हतं. पण त्या कुत्र्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं काढून लस न घेतलेल्या कुत्र्यांना दिली, तेव्हा तीही वाचली. याचा अर्थ, रक्तात पुरेशी प्रतिपिंडं असतील तर ती ओलसर अस्तरापर्यंत झिरपतात आणि तिथे काम करतात. दंडातल्या सुईबद्दलची शंका अशी फिटली.

माणसांतला पहिला ठोस निकाल २००२ साली आला. अमेरिकेत २,३९२ तरुण स्त्रियांपैकी निम्म्यांना १६ क्रमांकाच्या कवचांची लस दिली, निम्म्यांना नुसतंच लसीसारखं दिसणारं इंजेक्शन. सरासरी दीड वर्षानं हिशोब मांडला. चिवट संसर्गाच्या ४१ घटना घडल्या होत्या. त्या सगळ्याच्या सगळ्या लस न मिळालेल्या गटात. लस मिळालेल्या गटात शून्य. असा निकाल लसींच्या इतिहासात फार क्वचित बघायला मिळतो. २००६ साली गार्डासिल या लसीला अमेरिकेत परवाना मिळाला, पाठोपाठ सर्वारिक्स आली, आणि २००७ साली ऑस्ट्रेलियानं शाळकरी मुलींसाठी देशभराची मोहीम सुरू केली.

पण दीड वर्षाचा निकाल म्हणजे दीड वर्षाचाच निकाल. संसर्ग झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत पंधरा-वीस वर्षं सहज जातात. बारा वर्षांच्या मुलीला दिलेली लस तेवढी पुरेल का, हे २००६ साली जगात कोणालाच माहीत नव्हतं.

विहीर आणि झरा

लस दिल्यावर रक्तात काय होतं ते आता बघू. पहिल्या महिनाभरात प्रतिपिंडं भराभर वाढतात. मग उतरायला लागतात. साधारण दोन वर्षं उतरतात. आलेखाची ही पहिली दोन वर्षं बघितली तर कोणालाही वाटेल, हे असंच चालू राहिलं तर चार-पाच वर्षांत सगळं संपणार.

पण विहिरीचं काय होतं ते आठवा. पावसाळ्यात विहीर तुडुंब भरते. दिवाळीनंतर पाणी उतरू लागतं. नवखा माणूस घाबरतो. गावातला जाणता माणूस विचारतो, "झरा जिवंत आहे का?" झरा जिवंत असेल तर पाणी एका पातळीला येऊन थांबतं आणि भर उन्हाळ्यातही तिथेच राहतं. उपसलं तरी पुन्हा तेवढंच भरतं.

शरीरातला हा झरा अस्थिमज्जेत असतो, म्हणजे हाडांच्या पोकळीत. दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी तिथे मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी प्रतिपिंडं सोडत राहतात. पहिला पूर असतो तो अल्पायुषी पेशींचा. त्या मरतात म्हणून पातळी उतरते. उरतो तो झरा. एचपीव्ही लस घेतलेल्यांच्या रक्ताचा आलेख दोन वर्षांनंतर सपाट होतो आणि पुढे वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो.

इतका जिवंत झरा का लागला? शास्त्रज्ञ याचं श्रेय मुख्यत्वे त्या सीताफळाच्या सालीला देतात. कवचावर एकसारखे उंचवटे, अगदी जवळजवळ, ठरावीक अंतरावर. आपल्या रक्षक पेशी अशी नेमकी मांडणी पाहिली की ती विषाणूचीच आहे हे ओळखतात, कारण आपल्या स्वतःच्या शरीरात असं सहसा काही नसतं. एका पेशीच्या अनेक ग्राहकांना एकाच वेळी घट्ट पकड मिळते आणि ती पेशी दीर्घायुषी व्हायचा निरोप घेऊन कामाला लागते. शिवाय खरा विषाणू अस्तरात लपून राहतो. लसीतली कवचं स्नायूत टोचली जातात, तिथून ती थेट रक्षकांच्या तळावर पोहोचतात. जे विषाणू स्वतः शिकवत नाही, ते त्याचं रिकामं कवच शिकवून जातं.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे. हा विषाणू आत शिरायला वेळ घेतो. अस्तराला बारीकशी इजा झालेली असेल तिथे तो आधी पेशींखालच्या पापुद्र्याला चिकटतो आणि मग काही तासांनी पेशीत जातो. एवढा वेळ तो उघड्यावर असतो. त्यामुळे थोडी प्रतिपिंडंही त्याला धरायला पुरतात.

इथवर सगळं छान वाटतं. पण हे झालं स्पष्टीकरण. प्रत्यक्षात किती वर्षं? आणि किती डोसांत? सुरुवातीला तीन डोस ठरले होते, साधारण कावीळ-बीच्या लसीच्या धर्तीवर. तीन डोस म्हणजे तीन वेळा शाळा गाठायची, तीन वेळा शीतपेट्या न्यायच्या, आणि एका मुलीमागे तिप्पट खर्च. ज्या देशांत हा कॅन्सर सगळ्यात जास्त बायका मारतो, त्या देशांनाच हे सगळ्यात कमी परवडणारं.

ग्वानाकास्ते : चुकलेल्या डोसांचा हिशोब

कोस्टा रिकामध्ये ग्वानाकास्ते नावाचा ग्रामीण प्रांत आहे. एचपीव्हीचा अभ्यास तिथे १९९०च्या दशकापासून चालू होता. २००४-०५ साली तिथल्या ७,४६६ तरुणींनी लसीच्या चाचणीत भाग घेतला. तीन डोस ठरलेले. पण माणसं म्हटल्यावर वेळापत्रक कधी तंतोतंत पाळलं जातं का? कुणाला मधेच दिवस गेले, कुणाला तपासणीसाठी पुढे पाठवावं लागलं, कुणी आलीच नाही. जवळपास पाचवा भाग स्त्रियांचे डोस अपुरे राहिले.

अशा सहभागी अनेकदा हिशोबातून वगळल्या जातात. इथल्या संशोधकांनी तसं केलं नाही. २०११ साली त्यांनी दाखवलं, की दोन डोस, इतकंच काय एकच डोस मिळालेल्या स्त्रियांतही चार वर्षांपर्यंत संरक्षण कमी दिसत नाही. एका डोसनंतरची १६ क्रमांकाविरुद्धची प्रतिपिंडं तीन डोसांपेक्षा कमी होती हे खरं, पण नैसर्गिक संसर्गानंतर असतात त्यापेक्षा सुमारे ९ पट होती, आणि पातळी स्थिर होती. विहीर काठोकाठ नव्हती, पण झरा लागलेला होता.

अडचण एवढीच, की एकच डोस मिळालेल्या या स्त्रिया मोजक्या होत्या, लसीच्या गटात जेमतेम दोनशे. दोनशे जणींवरून जगाचं धोरण कसं बदलायचं? हजारो हव्या होत्या. मात्र तीन डोसांनी काम होतं हे माहीत असताना मुद्दाम कुणाला एकच डोस देऊन दहा वर्षं वाट बघणं त्या काळी कुणालाही पटलं नसतं. इथे आपली गोष्ट भारतात येते.

२०१० : चाचणी थांबली

बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय या क्षेत्रात आधीपासून ओळखीचं होतं. बार्शीला ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू होती. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवरचा तपासणीचा मोठा अभ्यासही याच रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या मदतीनं झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला त्यातून २००९ साली कळलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात, फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पुढाकारानं भारतात लसीची चाचणी सुरू झाली. डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन तिचं नेतृत्व करत होते. बार्शी, पुणे, मुंबई, अहमदाबाद, मिझोराममधलं ऐझॉल, तमिळनाडूतलं अंबिलिक्कई अशी केंद्रं होती. १० ते १८ वयाच्या अविवाहित २० हजार मुली घ्यायच्या, निम्म्यांना तीन डोस, निम्म्यांना दोन, आणि दोन पुरतात का ते बघायचं, असा बेत होता. एका डोसचा प्रश्न या चाचणीत नव्हताच.

याच सुमाराला देशात एक वेगळा प्रकल्प चालू होता. पाथ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना लस दिली होती. त्यातल्या सात मुलींचे मृत्यू झाल्याची बातमी आली आणि देशभर गदारोळ उठला. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण चौकशीत जे आढळलं तेही साधं नव्हतं. खम्ममला आदिवासी मुलींच्या वसतिगृहांत अनेक संमतीपत्रांवर आईवडलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीनं या प्रकारावर कडक ताशेरे ओढले.

यावर बोलताना आपण दोन्ही गोष्टी एकत्र धरायला हव्यात. लसीनं त्या मुली दगावल्या नाहीत हे खरं. आणि त्यांच्या आईबापांना नीट विचारलं गेलं नव्हतं हेही खरं. पहिलं सांगून दुसरं झाकता येत नाही. गरिबाच्या घरी जाऊन "सही कर" म्हणणं आणि "तुझ्या मुलीसाठी हे असं आहे, तुला काय वाटतं?" असं विचारणं, यातलं अंतर पुढे लसीला फार महाग पडलं. लोकांचा विश्वास गेला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ही लस देशाच्या लसीकरणात येऊ शकली नाही.

एप्रिल २०१० मध्ये सरकारनं एचपीव्ही लसीच्या सगळ्या चाचण्या थांबवल्या. बार्शी-पुण्याची चाचणी वेगळी होती, तरी तीही थांबली. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळालेली होती. पण सगळ्यांचे डोस पूर्ण झाले नव्हते. ४,३४८ जणींना तीन मिळाले, ४,९८० जणींना ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांच्या अंतरानं दोन मिळाले, ३,४५२ जणींचे दोनच झाले आणि तिसरा राहिला. आणि ४,९४९ मुलींना एकच डोस मिळाला होता. त्यांचा पुढचा डोस कधीच आला नाही.

दहा वर्षं

या ठिकाणी गाशा गुंडाळता आला असता. चाचणीचा मूळ आराखडा मोडला होता, निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी राहिली नव्हती. पण संशोधकांनी या मुलींशी संबंध सोडला नाही. लस द्यायची बंदी होती, विचारपूस आणि तपासण्या करायला नव्हती. तुलनेसाठी त्याच वयाच्या, लस न घेतलेल्या स्त्रियाही पुढे सामील करून घेतल्या.

हे काम कसं असेल याची कल्पना करा. गर्भाशयमुखाचे नमुने लग्नानंतरच घ्यायचे होते: लग्नाला दीड वर्ष झाल्यावर, किंवा पहिल्या बाळंतपणाला सहा महिने झाल्यावर, जे आधी होईल ते. आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं गाव बदलतं, आडनाव बदलतं, फोन बदलतो. बाराव्या वर्षी शाळेत भेटलेली मुलगी बाविसाव्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात सून म्हणून शोधायची, तिच्या घरच्यांसमोर नाजूक विषय काढायचा, आणि तिची तयारी असेल तरच नमुना घ्यायचा. तोही एकदाच नाही, वर्षानुवर्षं. चिवट संसर्ग म्हणजे एकदा दिसून गेलेला विषाणू नव्हे. नंतरच्या नमुन्यातही तोच प्रकार सापडायला हवा. कॅन्सरकडे जाणारा रस्ता तिथून सुरू होतो.

२०२१ साली दहा वर्षांचा निकाल प्रसिद्ध झाला. १६ आणि १८ क्रमांकाच्या चिवट संसर्गापासून तीन डोसांनी ९३.३ टक्के संरक्षण दिलं होतं. दोन डोसांनी ९३.१ टक्के. आणि एका डोसनं ९५.४ टक्के. हे आकडे वाचून एक डोस तिनांपेक्षा चांगला, असं कोणी समजू नये. एवढा फरक योगायोगानंही पडतो. त्यांचा अर्थ इतकाच, की तिन्ही गट सारखेच सुरक्षित राहिले.

आता निव्वळ योगायोगानं झालेल्या गटांवर किती विसंबायचं, ही शंका योग्यच होती. ती केनियातल्या चाचणीनं बऱ्याच अंशी दूर केली. तिथे २,२७५ तरुणींना रीतसर चिठ्ठ्या टाकल्यासारखं विभागून एकच डोस दिला गेला, आणि दीड वर्षात ९७.५ टक्के संरक्षण दिसलं. केनियाचा पुरावा पक्का पण काळ थोडा; भारताचा काळ मोठा पण रचना मोडलेली; कोस्टा रिकात अकरा वर्षांनंतरही झरा वाहता. तिन्ही एकाच दिशेनं बोट दाखवत होते. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ९ ते २० वयाच्या मुलींसाठी एक डोसही चालेल, अशी अधिकृत भूमिका घेतली.

कॅन्सर खरंच टळला का?

एक गोष्ट आपण मुद्दाम वेगळी ठेवली होती. वरचे आकडे संसर्गाचे आहेत. कॅन्सरचं काय? त्यासाठी ज्या देशांनी मोहिमा लवकर सुरू केल्या त्यांच्याकडे बघावं लागतं. स्वीडनमध्ये सुमारे १६ लाख ७० हजार मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या. सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी होता. हा निकाल २०२० चा. २०२४ च्या सुरुवातीला स्कॉटलंडमधून बातमी आली, की बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये आजवर या कॅन्सरची एकही नोंद झालेली नाही. त्यातल्या मोठ्या वयाच्या आता पंचविशी ओलांडून गेल्या होत्या. हे पुरावे मुख्यत्वे दोन-तीन डोसांचे आहेत, हेही सांगायला हवं. एका डोसचा कॅन्सरवरचा पुरावा अजून वयात येतो आहे, त्या मुलींबरोबरच.

लसीच्या मर्यादाही लक्षात ठेवू. आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही, म्हणून ती लहान वयात द्यायची. सगळेच प्रकार ती अडवत नाही, म्हणून लस घेतलेल्यांनीही तिशीनंतर तपासणी करून घ्यायची. एचआयव्हीसारख्या कारणानं ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांना एक डोस पुरेसा मानत नाहीत. आणि आज ज्या बायका चाळिशीत आहेत त्यांचा आधार लस नसून तपासणीच आहे.

२०२२ साली पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक या देशी लसीला परवानगी मिळाली. म्हणजे ज्या पुण्यात काही मुलींना २००९-१० साली ही लस मिळाली होती, तिथेच आता ती बनते. डोसांची संख्या कमी झाली, लस जवळ आली. आता अडून राहतो तो विश्वास, आणि तो सुईनं टोचता येत नाही. खम्ममनं आपल्याला ते शिकवलं आहे.

तर मग त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर? आज ते असं देता येतं: दहा-बारा वर्षांपर्यंत संरक्षण टिकतं हे पाहिलेलं आहे, ते ओसरत असल्याची खूण अजून दिसलेली नाही, आणि पुढे टिकेल असं मानायला शरीरातल्या त्या झऱ्याचं चांगलं कारण आहे. तिसाव्या वर्षापर्यंतची खात्री हवी असेल, तर त्यासाठी आपल्या पुढे चालणाऱ्या काही हजार बायका आहेत. चाचणीच्या कागदांवर त्यांची नोंद 'डोस अपुरे' अशी झाली होती. लग्न, बाळंतपण, शेती, नोकरी सांभाळून त्या पुन्हा पुन्हा तपासणीला आल्या. जगभरच्या मुलींना आज एका सुईत संरक्षण मिळू शकतं, त्यात त्यांचा वाटा आहे. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, आणि माहीत असण्याचं कारणही नाही. पण आपल्या मुलीला घेऊन लसीच्या रांगेत उभं राहाल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा.

इथे थांबू. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ.